फाइलसाठी राखलेली जागा

एस. टी. स्टँडवर गाडी लागली, की खिडकीतून रुमाल आत टाकून जागा धरणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. या रुमालाला तशी किंमत काहीच नाही. आधी आत शिरलेल्या एखाद्याने तो उचलून बाजूला ठेवला आणि तो तिथे बसला, तर फार तर वादावादी होईल. आरक्षणाचे तिकीट काढले असेल तर गोष्ट वेगळी. त्यावर आसन क्रमांक असतो आणि वाहकाकडेही त्याची नोंद असते. जागा 'धरणे' आणि जागा 'राखणे' यांत असा फरक आहे.

संगणकाच्या डिस्कवरही अगदी हाच फरक करावा लागतो. आपण एखादी मोठी फाइल उतरवून घेऊ लागतो, कॅमेऱ्यातून तासभर चित्रीकरण करतो, किंवा बँकेचा संगणक खात्यांच्या नोंदींसाठी नवी फाइल उघडतो, तेव्हा पुढे किती जागा लागणार याचा अंदाज आधीच असतो. आमच्या प्रयोगशाळेतील उपकरणेही रात्रभर मोजमापे नोंदवत असतात. पहाटे तीन वाजता 'डिस्कवर जागा नाही' असा संदेश येऊन काम थांबले, तर तो प्रयोग पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून जागा आधीच राखून ठेवणे शहाणपणाचे.

यात अवघड ते काय, असे कोणालाही वाटेल. पण जागा राखताना ऑपरेटिंग सिस्टिम आपल्याला एक नव्हे, चार वचने देत असते. पहिले, राखलेली जागा ऐनवेळी मिळेलच. दुसरे, ती शक्यतो सलग असेल. तिसरे, त्या जागेवर पूर्वी दुसऱ्या कोणाचे काही लिहिलेले असेल, तर ते आपल्याला दिसणार नाही. चौथे, हे सारे चटकन होईल. ही चारही वचने एकाच वेळी पाळता येण्यासाठी पन्नासएक वर्षे लागली. आणि ती खरोखर पाळली जातात की नाही, हे तपासण्याची रीत घडवण्याचे काम अजून चालू आहे. या लेखात आपण हा इतिहास पाहणार आहोत.

चकती आणि तिचा स्वभाव

१९५६ साली आय.बी.एम. कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्यात प्रत्येकी २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या एकाच दांड्यावर फिरत असत, आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे साठवत. आजच्या मोबाइलमधील एका छायाचित्राला साधारण एवढीच जागा लागते. पण त्या काळी ही मोठी क्रांती होती. फितीवरची माहिती वाचायची, तर फीत सुरुवातीपासून उलगडावी लागे. चकतीवर मात्र हव्या त्या ठिकाणी थेट जाता येऊ लागले.

थेट जाता येते, पण फुकट जाता येत नाही. वाचणारा दांडा योग्य वर्तुळावर न्यावा लागतो आणि हवा तो भाग त्याच्याखाली फिरून येईपर्यंत थांबावे लागते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या चकतीचेच उदाहरण घेऊ. तिच्या एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात; म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याचे ४ मिलिसेकंद झाले. दांडा हलवायला सरासरी ९ मिलिसेकंद धरू. प्रत्येक उडीला मिळून १३ मिलिसेकंद.

आता १०० मेगाबाइटची एक फाइल ४ किलोबाइटच्या ब्लॉकमध्ये साठवली आहे असे समजा. असे २५,६०० ब्लॉक होतील. ते डिस्कभर विखुरलेले असतील आणि प्रत्येकासाठी उडी मारावी लागत असेल, तर नुसत्या उड्यांनाच सुमारे साडेपाच मिनिटे लागतील. तेच ब्लॉक सलग असतील आणि डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट वाचू शकत असेल, तर फाइल एका सेकंदात हाती येईल. हे गणित विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावे. सलग जागेचा आग्रह कशासाठी, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

मागणी आधी नोंदवा

आय.बी.एम.ने १९६४ साली सिस्टिम ३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्यासाठी लिहिलेल्या ओएस ३६० या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शिरस्ता कडक होता. नवी फाइल हवी असेल, तर किती जागा लागेल ते काम सुरू होण्यापूर्वी कार्डावर लिहून द्यायचे. 'प्रथम दहा सिलिंडर, आणि ते संपले तर प्रत्येक वेळी आणखी पाच' अशा भाषेत ही मागणी असे. सिलिंडर म्हणजे दांडा न हलवता वाचता येणारी, एकाखाली एक असलेली वर्तुळे. जागा अगदी सलगच हवी असेल, तर तसेही सांगता येई.

यात पहिले आणि दुसरे वचन चांगले पाळले जाई. पण अंदाजाचे ओझे सारे माणसावर होते. जास्त मागितले, तर जागा वाया जाई. आणि त्या काळच्या २३११ या डिस्कच्या संचात सारी मिळून सव्वासात मेगाबाइटच जागा असे. कमी मागितले, तर वाढीव तुकडे मिळत, पण तेही ठरावीकच. एका डिस्कवर नेहमीच्या फाइलला एकूण १६ तुकड्यांची मर्यादा होती. तीही संपली, की काम मध्येच बंद पडे आणि 'बी ३७' या कुटुंबातला एखादा संकेतांक छापून येई. त्या पिढीतील प्रोग्रामरांना हा संकेतांक एखाद्या खाष्ट परीक्षकासारखा आठवत असेल.

तिसऱ्या वचनाचा तर फारसा विचारच नव्हता. राखलेल्या वर्तुळांवर आधीच्या कामाचे अवशेष तसेच पडून असत.

लागेल तशी जागा

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. त्यांनी हा प्रश्न मुळातूनच उलटा केला. फाइल किती मोठी होणार हे आधी विचारायचेच नाही. लिहीत जा, जागा लागेल तसा एकेक ब्लॉक मोकळ्या ब्लॉकांच्या यादीतून दिला जाईल. प्रत्येक फाइलची एक छोटी नोंद असे, तिला आय-नोड म्हणत. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत या नोंदीत १३ पत्ते होते. पहिले दहा थेट ब्लॉकांचे. उरलेले तीन अशा ब्लॉकांचे, की ज्यांत पुढच्या पत्त्यांच्या याद्या असत.

हा आय-नोड म्हणजे फाइलचा सातबाराच म्हणा ना! कोणती जमीन कोणाच्या नावावर, हे त्यावरून कळते. ही तुलना आपल्याला पुढेही उपयोगी पडणार आहे.

या रचनेत एक गंमत होती. फाइलमध्ये काही न लिहिता एकदम दहा लाखाव्या अक्षरावर जाऊन तिथे एकच अक्षर लिहिले, तर फाइलची लांबी दहा लाख अक्षरे दिसे. प्रत्यक्षात मात्र शेवटचा एक डेटा-ब्लॉक आणि पत्त्यांच्या यादीपुरते एखाद-दोन ब्लॉक एवढेच खर्ची पडत. मधल्या भागासाठी जागा दिलेलीच नसे, आणि तो वाचला तर शून्ये मिळत. अशा फाइलला विरळ फाइल म्हणतात. जागेची बचत म्हणून ही युक्ती उत्तम आहे. परंतु 'जागा राखली' अशा समजुतीने कोणी ती वापरली, तर तो खिडकीतून टाकलेला रुमाल ठरतो. लांबी दिसते, पण डिस्क भरल्यावर मधल्या भागात लिहायला गेले की 'जागा नाही' असेच उत्तर मिळते.

म्हणून खरोखर जागा हवी असणाऱ्यांपुढे एकच मार्ग उरला. फाइल उघडायची आणि शेवटपर्यंत शून्ये लिहीत जायची. यात पहिले आणि तिसरे वचन पाळले जाते, चौथे मोडते. सेकंदाला १०० मेगाबाइट या वेगाने १०० गिगाबाइट शून्ये लिहायला सुमारे १७ मिनिटे लागतात, आणि नंतर त्याच जागी खरी माहिती पुन्हा लिहायची असतेच.

बर्कलीचा धडा

युनिक्सच्या या मोकळेपणाचे मोल काही वर्षांनी कळले. फाइली तयार होत, पुसल्या जात. मोकळ्या ब्लॉकांची यादी पत्ते पिसल्यासारखी अस्ताव्यस्त होई. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मार्शल कर्क मॅक्युसिक, विल्यम जॉय, सॅम्युअल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांनी याचे मोजमाप केले. नव्या कोऱ्या डिस्कवर सेकंदाला १७५ किलोबाइट असलेला वेग काही आठवड्यांच्या साधारण वापरानंतर ३० किलोबाइटवर घसरत होता. यंत्र तेच, प्रोग्राम तोच. बिघडली होती ती फक्त जागेची वाटणी.

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नवी रचना मांडली होती. ब्लॉक मोठे केले, डिस्कचे गट पाडले, एका फाइलचे ब्लॉक शक्यतो एकाच गटात जवळजवळ ठेवले आणि साधारण दहा टक्के जागा नेहमी मोकळी राखली. कारण डिस्क काठोकाठ भरली, की चांगली जागा निवडायला वावच उरत नाही. या रचनेत डिस्कच्या कमाल वेगापैकी ४७ टक्क्यांपर्यंत वेग गाठता आला. जुन्या रचनेत हे प्रमाण दोन-चार टक्क्यांच्या पुढे जात नसे.

याच निबंधात काही ब्लॉक आगाऊ देऊन ठेवण्याचाही विचार केलेला आहे. फाइल बंद करताना न वापरलेले ब्लॉक परत घ्यावेत, अशी ती कल्पना. पण लेखकांनी ती अमलात आणली नाही, आणि कारणही आकड्यांनिशी दिले. लिहिण्याच्या कामात लागणाऱ्या वेळापैकी ब्लॉक देण्यासाठी जाणारा वेळ दहा टक्क्यांपेक्षाही कमी होता. मोजमाप करावे, आणि फायदा दिसत नसेल तर चांगली दिसणारी कल्पनाही बाजूला ठेवावी, हा वैज्ञानिक वृत्तीचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे.

परिस्थिती बदलली तशी ती कल्पना परतही आली. १९९३ साली लिनक्ससाठी आलेल्या एक्स्ट-२ या रचनेत लिहिताना एक ब्लॉक मागितला, तर शेजारचे मिळून आठपर्यंत ब्लॉक राखले जात. ही राखण ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या सोयीने करी. वापरणाऱ्याला तसे सांगण्याची सोय नव्हती.

मागच्या भाडेकरूचे कागद

आता तिसऱ्या वचनाकडे वळू. डिस्कवरील फाइल पुसली, म्हणजे तिचा सातबारा रद्द होतो. जमिनीवरचे पीक मात्र तसेच उभे राहते. तीच जमीन नव्या मालकाला दिली आणि त्याने नुसते पाहिले, तर आधीच्या माणसाची पत्रे, हिशेब, एखाद्याचा गुप्त संकेतशब्दही दिसू शकेल. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ साली संगणकांच्या सुरक्षिततेची कसोटी ठरवणारे पुस्तक काढले. मुखपृष्ठाच्या रंगामुळे ते 'नारिंगी पुस्तक' म्हणून ओळखले जाते. त्यात विशिष्ट श्रेणीपासून वरच्या सर्व प्रणालींना अशी अट घातली, की एकाने सोडलेली साठवणीची जागा दुसऱ्याला देताना आधीचा मजकूर त्याच्या हाती लागता कामा नये.

अट योग्यच होती. पण मग राखलेली जागा शून्यांनी भरत बसायची का? यावर दोन तोडगे निघाले.

पहिला तोडगा पूररेषेचा. नदीचे पाणी कुठपर्यंत चढले याची खूण घाटाच्या दगडावर करतात, तशी प्रत्येक फाइलसाठी 'इथपर्यंत खरोखर लिहिले गेले आहे' अशी एकच खूण ठेवायची. खुणेच्या पलीकडचे वाचायला गेल्यास डिस्कवर काहीही असो, शून्ये द्यायची. व्ही.एम.एस. ही प्रणाली आणि पुढे विंडोज एन.टी. यांनी या धर्तीची सोय केली. फाइल क्रमाने लिहिली जात असेल, तर ही युक्ती छान चालते. पण कोणी एकदम शेवटी जाऊन लिहिले, तर मधला सारा भाग शून्यांनी भरावा लागतो. २००१ च्या विंडोज एक्स.पी.मध्ये हे भरणे टाळून खूण थेट पुढे सरकवण्याचीही सोय दिली गेली. पण ती विशेष अधिकार असलेल्यांनाच, कारण तसे केल्यास मागच्या भाडेकरूचे कागद उघडे पडतात.

दुसरा तोडगा अधिक लवचीक होता. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने १९९३ साली एक्स.एफ.एस. या रचनेवर काम सुरू केले आणि १९९४ साली ती वापरात आली. मोठमोठ्या चित्रफिती हाताळणारे या कंपनीचे ग्राहक होते. या रचनेत एकेका ब्लॉकचा पत्ता लिहीत न बसता 'अमुक ब्लॉकपासून पुढचे इतके' अशी सलग पट्ट्याची एकच नोंद केली जाते. अशा प्रत्येक पट्ट्यावर आणखी एक शेरा मारता येतो : नावावर झाला, पण अजून पेरलेला नाही. असा न पेरलेला पट्टा वाचला, तर डिस्ककडे न पाहताच शून्ये द्यायची. लिहिले, की तेवढ्याच भागाचा शेरा काढायचा.

या एका शेऱ्याने चारही वचने एकत्र नांदू लागली. जागा पक्की, सलग मिळण्याची शक्यता जास्त, जुना मजकूर झाकलेला, आणि काम नुसत्या नोंदीपुरते. २००८ च्या अखेरीस स्थिर म्हणून जाहीर झालेल्या एक्स्ट-४ मध्ये हा शेरा पट्ट्याच्या लांबीच्या आकड्यातच बसवला आहे. लांबी १६ बिटांत लिहितात. आकडा ३२,७६८ पेक्षा मोठा असेल, तर पट्टा न पेरलेला समजायचा. शंभर गिगाबाइटसाठी ४ किलोबाइटचे २ कोटी ६२ लाखांहून अधिक ब्लॉक लागतात. पण एक पट्टा १२८ मेगाबाइटपर्यंतचा असल्याने, जागा सलग मिळाल्यास आठशेच्या आसपास नोंदींत काम भागते. सतरा मिनिटांचे काम क्षणावर आले ते असे.

वापरणाऱ्या प्रोग्रामला ही मागणी करता यावी, म्हणून २००१ च्या पॉझिक्स मानकात त्यासाठी एक ठराविक आज्ञा होती. लिनक्सच्या गाभ्यात या कामाची स्वतंत्र सोय २००७ साली आली. डिस्कवरची रचना जुनी असेल, तर लिनक्समध्ये सर्रास वापरले जाणारे सी भाषेचे ग्रंथालय आजही प्रत्येक ब्लॉकमध्ये एकेक शून्य लिहून जागा मिळवून देते. मागणी तीच, पण एका ठिकाणी पापणी लवते तोच काम होते, तर दुसऱ्या ठिकाणी चहा पिऊन यावे लागते.

आधी काय, मग काय?

शेरा काढणे सोपे वाटते, पण खरी मेख इथेच आहे. न पेरलेल्या पट्ट्याच्या मधोमध लिहिले, तर एका नोंदीच्या तीन नोंदी होतात : न पेरलेला, पेरलेला, पुन्हा न पेरलेला. म्हणजे डिस्कवर दोन गोष्टी लिहायच्या आहेत, खरी माहिती आणि बदललेली नोंद. यांतली आधी कोणती?

समजा, नोंद आधी बदलली आणि माहिती लिहिण्यापूर्वीच वीज गेली. वीज आल्यावर सातबारा सांगेल 'पेरले आहे', आणि वाचणाऱ्याला मागच्या भाडेकरूचे कागद दिसतील. उलट, माहिती आधी लिहिली आणि नोंद बदलण्यापूर्वी वीज गेली, तर वाचणाऱ्याला शून्ये दिसतील. नवे लिहिलेले गेले, पण कोणाचे गुपित फुटले नाही. म्हणून क्रम ठरलेला : आधी माहिती, मग नोंद.

क्रमाचे महत्त्व २००९ साली अनेकांना चटका लावून गेले. एक्स्ट-४ मध्ये जागेची वाटणी मुद्दाम लांबवली जाते. माहिती काही वेळ स्मृतीत साठू दिली, की एकदम मोठा सलग पट्टा निवडता येतो. पण या काळात यंत्र अचानक बंद पडले, तर नव्याने लिहिलेल्या फाइली रिकाम्या, शून्य लांबीच्या सापडू लागल्या. आधीच्या रचनेत माहिती पाच सेकंदांच्या आसपास डिस्कवर जाई, आणि कित्येक प्रोग्राम नकळत त्या सवयीवर विसंबले होते. माहिती डिस्कवर पक्की झाली याची खात्री हवी असेल, तर प्रोग्रामने तशी स्पष्ट आज्ञा दिली पाहिजे, असे एक्स्ट-४ चे प्रमुख रचनाकार थिओडोर त्सो यांचे म्हणणे होते. नियमाने ते बरोबरच होते. तरीही जुनी फाइल बदलून नवी ठेवण्याच्या नेहमीच्या प्रसंगांत वाटणी लगेच व्हावी, अशी सुधारणा त्याच वर्षी करण्यात आली. नियम कागदावर काय आहे आणि लोक कशावर विसंबले आहेत, या दोन्हींचा विचार करावा लागतो.

वचन पाळले, हे कसे ओळखायचे?

इथे चाचणीचा प्रश्न येतो. फाइल लिहिली, वाचली, बरोबर निघाली. एवढ्याने यांतले एकही वचन तपासले जात नाही. प्रत्येक वचनासाठी ते मोडू शकेल अशी परिस्थिती मुद्दाम निर्माण करावी लागते.

पहिल्या वचनासाठी : जागा राखा, मग दुसऱ्या फाइलने उरलेली डिस्क काठोकाठ भरा, आणि मग राखलेल्या जागेत लिहा. लिहिता आलेच पाहिजे. दुसऱ्यासाठी : फाइलचे किती तुकडे झाले ते मोजा. चौथ्यासाठी : एक, दहा आणि शंभर गिगाबाइट राखायला लागणारा वेळ मोजा. वेळ त्याच प्रमाणात शंभरपट वाढत असेल, तर आत कुठेतरी शून्ये लिहिली जात आहेत असे समजावे.

तिसऱ्याची चाचणी सर्वांत सुंदर आहे. आधी सारी डिस्क एकाच ओळखीच्या खुणेने भरा, समजा 'क' या अक्षराने. ती फाइल पुसा. नवी जागा राखा आणि मध्येच थोडे 'ख' लिहा. लिहिणे चालू असताना यंत्र बंद पाडा. पुन्हा सुरू केल्यावर शून्य दिसले तर चालेल, 'ख' दिसला तर उत्तमच. पण एकही 'क' दिसला, तर वचन मोडले. म्हणजे उत्तर नेमके काय येईल हे आधी माहीत नसतानाही, कोणते उत्तर येता कामा नये हे नक्की सांगता येते.

अशा चाचण्यांचाही इतिहास आहे. नेक्स्ट कंपनीत एव्हिडिस टेव्हेनियन यांनी 'एफ.एस.एक्स.' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. तो फाइलवर वाटेल त्या क्रमाने लिहिणे, वाचणे, लांबी कमी-जास्त करणे अशा कृती करतो. त्याच कृती स्मृतीतील एका प्रतीवरही करतो, आणि दोन्ही सारख्या आहेत का हे पाहतो. कृती यदृच्छेने निवडलेल्या असल्या, तरी बीजांक तोच दिला की तोच क्रम पुन्हा मिळतो. सापडलेला दोष दुसऱ्याला दाखवता येणे हे प्रयोगात फार मोलाचे असते. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये एक्स.एफ.एस.साठी जमवलेल्या चाचण्यांचा संग्रह पुढे लिनक्सवरील इतर रचनांसाठीही वापरला जाऊ लागला. आज त्यात शेकडो चाचण्या आहेत.

तरी दोष निसटतातच. २००४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी, अनेक वर्षे वापरात असलेल्या तीन रचनांच्या संभाव्य अवस्था यंत्राकरवी पद्धतशीर धुंडाळून ३२ दोष शोधले. २०१८ साली टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेतील गटाने आधी सापडलेल्या दोषांचा अभ्यास केला. त्यांना दिसले, की बहुतेक दोष उघड व्हायला दोन-तीन कृतींचा क्रमच पुरतो. मग त्यांनी असे छोटे क्रम एकामागून एक तयार केले आणि प्रत्येकात यंत्र बंद पडल्याचे नाटक केले. दहा नवे दोष सापडले. त्यांतले सात २०१४ पासून तिथेच होते. त्यांपैकी एक आपल्या विषयातला आहे. फाइलच्या शेवटापलीकडे राखलेले ब्लॉक, 'आता हे पक्के कर' असे सांगितल्यानंतरही, यंत्र बंद पडल्यावर हरवत होते. आरक्षणाचे तिकीट होते, पण तक्त्यातली नोंद गायब.

मग गणिती सिद्धताच का देऊ नये? तोही प्रयत्न झाला. एम.आय.टी.मध्ये २०१५ साली एफ.एस.सी.क्यू. नावाची, यंत्राने तपासलेल्या सिद्धतेसह रचलेली प्रणाली आली. ऑस्टिनच्या गटाला तिच्यातही एक दोष सापडला. तो सिद्धतेत नव्हता, तर सिद्धतेबाहेर राहिलेल्या जोडकामात होता. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ सालीच बजावले होते, की चाचणीने दोष आहेत हे दाखवता येते, दोष नाहीत हे नव्हे. सिद्धतेलाही आपले कुंपण असते, ही त्यात आता भर घालायला हवी.

वर्गात करून पाहा

हा सारा विषय संगणकाशिवाय शिकवता येतो. चौकटीच्या वहीच्या पानावर दहा बाय दहाचा चौरस आखावा. ही झाली डिस्क. प्रत्येक घरात पेन्सिलीने 'क' लिहावा. हा मागच्या मालकाचा मजकूर. बाजूला दुसऱ्या कागदावर नोंदवही ठेवावी : फाइलचे नाव, पहिले घर, किती घरे, पेरलेली की न पेरलेली.

एका विद्यार्थ्याला नोंदलेखक करावे, दुसऱ्याला लिहिणारा, आणि तिसऱ्याला वीज कंपनी. नोंदलेखकाने एका फाइलसाठी वीस घरे 'न पेरलेली' म्हणून राखावीत. लिहिणाऱ्याने मधल्या पाच घरांत 'क' खोडून 'ख' लिहायचा आणि नोंदलेखकाने एका नोंदीच्या तीन करायच्या. तिसऱ्याने मनाला येईल तेव्हा 'वीज गेली!' असे ओरडावे. त्या क्षणी दोघांनीही हात थांबवायचे. मग चौथ्या, वर्गाबाहेर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला बोलवावे. त्याने केवळ नोंदवहीवरून फाइल वाचून दाखवायची. 'न पेरलेले' असेल तिथे शून्य म्हणायचे.

एकदा नोंद आधी बदलून खेळावे, एकदा माहिती आधी लिहून. दहा-दहा वेळा खेळून, किती वेळा 'क' वाचला गेला याचा तक्ता करावा. मग विद्यार्थ्यांनाच विचारावे, की दुसऱ्या पद्धतीत 'क' एकदाही आला नाही, तर ती पद्धत निर्दोष ठरते का? दहा वेळांच्या खेळावरून असे म्हणता येईल का? वीज कोणकोणत्या क्षणी जाऊ शकते त्या सर्व क्षणांची यादी करून, प्रत्येक क्षणी एकदा तरी 'वीज गेली' म्हणून पाहिले, तर? ऑस्टिनच्या संशोधकांनी संगणकावर जे केले, त्याच्या बरेच जवळ आठवी-नववीची मुले अशा रीतीने पोहोचतात.

एक प्रश्न मात्र शिक्षकांनी शेवटी राखून ठेवावा. अलीकडच्या काही रचना, उदाहरणार्थ २००५ साली खुली झालेली झेड.एफ.एस., जुन्या घरावर कधीच लिहीत नाहीत. प्रत्येक बदल नव्या घरात करून मग नोंद फिरवतात. पेन ड्राइव्ह आणि एस.एस.डी. यांच्या आतील नियंत्रकही असेच करतो. मग अशा ठिकाणी ठरावीक वीस घरे 'राखली' याचा अर्थ काय? चार वचनांपैकी कोणती उरली, कोणती बदलली? विद्यार्थ्यांनी ती चार वचने फळ्यावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर, ती तपासण्यासाठी आपण काय मोडून पाहू, ते स्वतःच्या शब्दांत मांडावे.